मायट्रल स्टेनोसिस + एएफ : अ‍ॅसिट्रॉमवर आयएनआर १.४ ते ५.१ हलतोय. नोअ‍ॅकवर टाकायचं का?

तालुक्याचा_फिजिशियन

दोन रुग्णांबद्दल मत हवं आहे.

पहिल्या बाई : वय ४१, वजन ४४ किलो. ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस (हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद), व्हॉल्व्ह एरिया १.२ चौ. सेंमी, लेफ्ट एट्रियम ५२ मिमी, एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, ठोक्यांची अनियमितता) कायमचं. क्रिएटिनिन ०.७. मेटोप्रोलॉल, लॅसिक्स (लघवीची गोळी) आणि अ‍ॅसिट्रॉम (अ‍ॅसिनोकुमॅरॉल, गुठळी रोखणारी व्हिटॅमिन के विरोधी गोळी) चालू, दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. शेवटचे सहा आयएनआर (गुठळी किती उशिरा होते त्याचं माप, रेंज २ ते ३), साधारण महिन्याच्या अंतराने : १.४, २.६, ५.१, १.८, ३.९, १.६. मोठा रक्तस्राव नाही, पण पाळीत अंगावरून फार जातं, हिमोग्लोबिन ९.२. डोस वेगवेगळ्या ठिकाणी बदलला गेलाय. ५.१ आला तेव्हा चार दिवस गोळी बंद, १.८ आला तेव्हा एकदम ४ मिग्रॅ. मूळ डोस आठवड्याला १६ मिग्रॅ होता (पाच दिवस २, दोन दिवस ३). रक्त द्यायला ६० किमी जावं लागतं, म्हणून घरचे म्हणतात, 'ती तपासणी न लागणारी गोळी द्या.'

दुसरे आजोबा : वय ७४, वजन ५२ किलो, बीपी आणि शुगर, क्रिएटिनिन १.३. इकोमध्ये व्हॉल्व्ह व्यवस्थित, ईसीजीत एएफ. स्टेंट नाही, अँजायनाचा इतिहास नाही. सध्या फक्त अ‍ॅस्पिरिन ७५. रक्तस्रावाच्या भीतीने आजवर कुणी पुढे गेलेलं नाही.

पहिल्या बाईंना रिव्हारोक्साबॅन (आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्यांपैकी, म्हणजे नोअ‍ॅकपैकी एक) चालेल का? आजोबांना काय आणि किती?

---

एट्रियल_अपेंडेज

दोघांची उत्तरं उलट आहेत. बाईंना नोअ‍ॅक नको, आजोबांना नोअ‍ॅकच हवं.

बाईंपासून. मध्यम ते तीव्र ऱ्हुमॅटिक स्टेनोसिस आणि मेकॅनिकल व्हॉल्व्ह हे दोन गट नोअ‍ॅकच्या मोठ्या चाचण्यांत घेतलेच नव्हते. रि-लाय (२००९), रॉकेट-एएफ, अ‍ॅरिस्टॉटल (दोन्ही २०११) यांचे आकडे या बाईंना लावता येत नाहीत. ऱ्हुमॅटिक रुग्णांसाठी वेगळी चाचणी झाली ती इन्व्हिक्टस, २०२२. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले २४ देश, त्यांत भारतही, साडेचार हजारांवर रुग्ण, सरासरी वय ५० च्या आसपास, जवळपास तीन चतुर्थांश बायका. म्हणजे हुबेहूब आपली ओपीडी. एका गटाला रिव्हारोक्साबॅन, दुसऱ्याला व्हिटॅमिन के विरोधी गोळी. स्ट्रोक, सिस्टेमिक एम्बोलिझम (गुठळी वाहून शरीरात इतरत्र अडकणं), हार्ट अ‍ॅटॅक किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या वा अज्ञात कारणाने मृत्यू यांपैकी काहीतरी रिव्हारोक्साबॅन गटात २२७५ पैकी ५६० जणांना झालं, जुन्या गोळीच्या गटात २२५६ पैकी ४४६ जणांना. मोठ्या रक्तस्रावात जुनी गोळी लक्षणीय वाईट ठरली नाही.

आणि हे जुन्या गोळीचं नियंत्रण आदर्श असताना नाही. चाचणीत येताना जेमतेम एक तृतीयांश रुग्णांचा आयएनआर २ ते ३ मध्ये होता, पुढेही तो ५६ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यानच राहिला. 'आमच्याकडे आयएनआर नीट राहत नाही, म्हणून आमच्यासाठी नोअ‍ॅक बरं' या युक्तिवादातली हवा तिथेच जाते.

या बाईंना चा२डीएस२-व्हॅस्क (एएफमधल्या स्ट्रोकच्या धोक्याचा स्कोअर) मोजू नका. तो स्कोअर त्यांच्यासाठी नाहीच. स्टेनोसिस आणि एएफ एकत्र आलं की स्कोअर शून्य असला तरी अँटिकोअ‍ॅग्युलेशन (गुठळी रोखणारं औषध) लागतं.

एक प्रश्न उलट विचारतो. १.२ एरिया म्हणजे तीव्र स्टेनोसिस, मग फुग्याने व्हॉल्व्ह उघडण्याचा (बीएमव्हीचा) विचार झालाय का? पडदे किती जाड, किती लवचिक, कॅल्शियम किती, गळती किती हे पाहून विल्किन्स स्कोअर ८ पर्यंत असेल तर बीएमव्हीला निकाल चांगला येतो. आधी टीईई (अन्ननलिकेतून केलेला इको) करून लेफ्ट एट्रियममध्ये गाठ नाही ना ते पाहायचं. आयएनआर १.४ आणि १.६ वर राहिलेल्या माणसात ती असणं अजिबात नवल नाही. गाठ सापडली तर आयएनआर २ ते ३ मध्ये धरून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टीईई. महात्मा फुले योजनेतल्या जवळच्या कार्डिअ‍ॅक सेंटरला कागद पाठवून विचारा. बीएमव्हीनंतरही एएफ राहणार आणि गोळीही राहणार, हे मात्र घरच्यांना आधीच सांगा. नाहीतर 'व्हॉल्व्ह उघडला, आता गोळी कशाला' असं होतं.

आजोबा. अ‍ॅस्पिरिन हा एएफमधला उपाय नाही, रक्तस्रावाच्या दृष्टीने तो सौम्यही नाही. अ‍ॅव्हेरोस चाचणीत अपिक्साबॅनवर स्ट्रोक किंवा एम्बोलिझम वर्षाला १.६ टक्के, अ‍ॅस्पिरिनवर ३.७ टक्के, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळजवळ सारखा. यांचा स्कोअर : वय १, बीपी १, शुगर १, एकूण ३. अपिक्साबॅन ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, अ‍ॅस्पिरिन बंद.

२.५ मिग्रॅ लिहायचा मोह इथेच होतो. तीनपैकी दोन गोष्टी असतील तरच २.५ : वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. आजोबांकडे फक्त वजन आहे. आपल्याकडे निम्मी ओपीडी ६० किलोच्या आत भरते. नुसत्या वजनावर डोस अर्धा केला तर स्ट्रोकपासूनचं संरक्षण कमी होतं आणि रक्तस्राव त्या प्रमाणात कमी होत नाही.

---

निळी_नळी

डोसला हात लावण्याआधी ते सहा आकडे खरे आहेत का ते बघा. सहा रिपोर्ट किती लॅबचे आहेत?

आयएनआर म्हणजे रुग्णाचा पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम, नमुना गोठायला लागणारा वेळ) भागिले लॅबचा सरासरी नॉर्मल पीटी, आणि त्या भागाकाराचा आयएसआय इतका घात. आयएसआय हा त्या थ्रोम्बोप्लास्टिनच्या (पीटी तपासणीत वापरायच्या रसायनाच्या) लॉटचा आकडा, लॉट बदलला की तो बदलतो. रुग्णाचा पीटी ३० सेकंद, नॉर्मल १२. आयएसआय १.० असेल तर आयएनआर २.५. यंत्रात चुकून जुन्या लॉटचा १.३ राहिला असेल तर तोच नमुना ३.३ दाखवतो. आणि भागाकारात 'आजचा कंट्रोल' घालायचा नसतो. प्रत्येक लॉटसाठी किमान २० निरोगी माणसांचा भौमितिक सरासरी पीटी काढून तो घालायचा असतो. रिपोर्टवर पीटी, नॉर्मल सरासरी आणि आयएसआय हे तीनही छापलेले नसतील तर लॅबला फोन करून विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर तेच उत्तर समजा.

त्याहून जास्त चुका रक्त काढताना होतात. निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट ०.३ मिली असतं, रक्त २.७ मिली जायला हवं, नऊला एक. शीर सापडत नाही म्हणून २ मिलीवर थांबलं की सायट्रेट जास्त होतं, ते मशिनमध्ये घातलेलं कॅल्शियम खातं, गुठळी उशिरा होते आणि आयएनआर खोटा वाढतो. ४४ किलोच्या बाईंच्या बारीक शिरांत हे सहज घडतं. तुमचा ५.१ असा असू शकतो. बटरफ्लाय सुई असेल तर तिच्या नळीतली हवा आधी एका फेकायच्या नळीत जाऊ द्या, नाहीतर पहिली नळी कमीच भरते. नळी तीन-चार वेळा हलकेच उलटसुलट करा, हलवून फेस काढू नका.

आता तालुक्याची खास चूक. कलेक्शन सेंटरवर सगळ्या नळ्या एकाच आईसबॉक्समध्ये टाकून जिल्ह्याला जातात. पीटीचा नमुना थंड करायचा नाही. थंडीत फॅक्टर ७ (गुठळी करणारं एक प्रथिन) आपोआप सक्रिय होतो आणि पीटी खोटा कमी येतो. झाकण न उघडलेली नळी खोलीच्या तापमानाला २४ तास चालते. तुमचे १.४ आणि १.६ बर्फावरून प्रवास करून आलेत का, तेवढं विचारून घ्या.

६० किमीवर उपाय म्हणजे बोटातून थेंब घेऊन आयएनआर सांगणारं मीटर तुमच्याच दवाखान्यात. ४ च्या खाली ते विश्वासार्ह असतं. साडेचार-पाचच्या वर दाखवलं तर शिरेतून घेऊन खात्री करा. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) २५ ते ५५ च्या बाहेर असेल किंवा अँटिफॉस्फोलिपिड (तपासणीत घोळ करणारी अँटिबॉडी) असेल तर त्यावर विसंबू नका. सुरुवातीला दोन-तीनदा लॅबशी ताडून बघा. फरक अर्ध्याच्या आत राहिला की झालं.

---

एट्रियल_अपेंडेज

आयएनआर किती वेळ रेंजमध्ये राहिला याचं गणित हातासरशी करून टाकतो. सहापैकी एकच आकडा रेंजमध्ये, म्हणजे १७ टक्के. पण रोझेंडालच्या पद्धतीने दोन तपासण्यांमध्ये सरळ रेषा ओढून, रेंजमध्ये गेलेले दिवस मोजले तर तपासण्या सारख्या अंतरावर धरून टीटीआर ३७ टक्क्यांच्या आसपास येतो. हा वीस टक्क्यांचा फायदा खोटा आहे. रेषा रेंजमधून फक्त आरपार जातेय, थांबत नाही. टीटीआर ६५-७० च्या वर हवा.

आणि एक गंमत : आयएनआर स्थिर राहील का याचा अंदाज देणाऱ्या सेम-टीटी२आर२ स्कोअरमध्ये गोरे नसल्याचे २ गुण आहेत. म्हणजे आपला प्रत्येक रुग्ण दारातच २ गुण घेऊन येतो. तो स्कोअर आपल्याकडे कुणालाच वेगळं काढत नाही.

---

गोळ्या_मोजणारा

मी फार्मसीच्या बाजूने लिहितो.

वर दिलेल्या इतिहासात हलण्याचं निम्मं कारण उघड दिसतंय, ते म्हणजे डोस बदलण्याची पद्धत. अ‍ॅसिनोकुमॅरॉलचं अर्धायुष्य ८ ते ११ तास, वॉरफेरिनचं ३६ ते ४२. वॉरफेरिन चार दिवस बंद केलं तर आयएनआर हळूहळू उतरतो, अ‍ॅसिनोकुमॅरॉल चार दिवस बंद केलं तर तो जमिनीवर येतो. ५.१ आणि रक्तस्राव नाही : एक डोस चुकवा, फार तर दोन, दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासा आणि आठवड्याच्या एकूण डोसमधून १० टक्क्यांच्या आसपास काढा. व्हिटॅमिन के देऊ नका. ५.१ ला तर नाहीच. १० च्या वर गेला तर तोंडातून २.५ ते ५ मिग्रॅ. आपल्याकडे सर्रास शिरेतून १० मिग्रॅ ठोकतात, त्यानंतर आठवडाभर गोळी काम करत नाही आणि रुग्ण पुन्हा १.३ वर बसतो. आणि स्नायूत तर कधीच नको, तिथेच गाठ होते.

उलट बाजूला १.८. हा बदलायचा आकडाच नव्हता. आधी स्थिर असलेल्या रुग्णाचा एखादा आयएनआर अर्ध्याने इकडेतिकडे गेला तर डोस तोच ठेवून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहायचं. बदल करायचाच तर आठवड्याच्या एकूण मिलिग्रॅममध्ये विचार करा. १६ वरून १७ करायचे तर चार दिवस २ आणि तीन दिवस ३. १८ म्हणजे तीन दिवस २ आणि चार दिवस ३, हा बारा-साडेबारा टक्क्यांचा बदल, पुरेसा आहे. रोज ४ म्हणजे आठवड्याला २८. हा डोस बदलणं नव्हे, जवळपास दुप्पट करणं.

चिठ्ठीवर एकाच ताकदीची गोळी ठेवा, १ मिग्रॅ. 'दोन गोळ्या, आणि बुधवार-शनिवारी तीन.' २ च्या आणि ४ च्या पट्ट्या एकत्र असल्या की घरात घोळ होतोच, त्यात ४ ची गोळी नखाने मोडून चतकोर केलेली असते. गोळी रात्री, रक्त सकाळी, दर वेळी तसंच. अर्धायुष्य छोटं म्हणून सकाळचा आणि संध्याकाळचा आयएनआर वेगळा येऊ शकतो.

हे सगळं करूनही हलत राहिला तर वॉरफेरिनवर न्या, थोडं संथ चालतं. रोजचा डोस अ‍ॅसिनोकुमॅरॉलच्या दुपटीपेक्षा किंचित कमी, म्हणजे इथे साधारण ४ मिग्रॅ, आणि पहिले दोन आठवडे दर चार-पाच दिवसांनी तपासणी.

आता बाकीचं निम्मं. दुकानातून काय काय जातंय ते विचारा, 'आणखी औषध चालू आहे का' असं नको विचारू, त्याला 'नाही' हेच उत्तर येतं. जुलाबाला ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी घेतली का, असं नाव घेऊन विचारा. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल (अंगावरून पांढरं जातं म्हणून दिलेली १५० ची एक गोळीसुद्धा), तोंडातल्या छाल्यांना लावायचं मायकोनाझोल जेल, अमिओडॅरोन. हे सगळे आयएनआर वर ढकलतात. पॅरासिटामॉल सुरक्षित आहे, पण रोज २ ग्रॅम तीन-चार दिवसांपुढे गेलं की तोही थोडा वर जातो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन पोटातून रक्त काढतात. हे आयएनआरवर दिसेलच असं नाही, म्हणूनच जास्त धोकादायक. खाली खेचणारं सगळ्यात मोठं नाव रिफॅम्पिसिन. टीबी निघाला तर आठवडाभरात डोस दुप्पट-तिप्पट आणि त्याहूनही जास्त लागू लागतो. खरी दुर्घटना मात्र टीबीचा कोर्स संपल्यावर होते, वाढवलेला डोस तसाच चालू राहतो आणि दोन-तीन आठवड्यांत आयएनआर आकाशाला. रिफॅम्पिसिनबरोबर नोअ‍ॅक तर नकोच.

'पालेभाज्या बंद' हे सांगणं बंद करा. व्हिटॅमिन केचा साठा जितका रिता, तितका एका मेथीच्या जुडीने आयएनआर जास्त हलतो. आठवड्यातून तीन-चार दिवस वाटीभर पालेभाजी, बारा महिने तेवढीच. हिवाळ्यात मेथी, हरभऱ्याचा पाला, कांद्याची पात स्वस्त झाली की रोज होते, आयएनआर उतरतो. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा, बटाटा आणि वरई, त्यात व्हिटॅमिन के जवळजवळ नाहीच, तेव्हा तो चढतो. सहाव्या दिवशी तपासा.

आणि तेल. हे कुणी विचारत नाही. शेंगदाणा तेलात व्हिटॅमिन के नगण्य असतं, सोयाबीन तेलात १०० ग्रॅमला १८० मायक्रोग्रॅमच्या आसपास. माणशी रोज ३० ग्रॅम तेल धरलं तर घाण्याच्या तेलाऐवजी सोयाबीनचा डबा आला की पन्नासेक मायक्रोग्रॅम जास्त जातात. एका प्रौढ माणसाच्या रोजच्या गरजेच्या जवळपास.

शेवटचं : 'रक्त पातळ करायची गोळी' हा शब्दप्रयोग टाळता आला तर बघा. अ‍ॅस्पिरिनलाही हेच म्हणतात, क्लोपिडोग्रेललाही आणि अ‍ॅसिट्रॉमलाही. मग एका ठिकाणी 'रक्त पातळ करायची गोळी बंद करा' सांगितलं की भलतीच बंद होते. यातल्या कुठल्याच गोळीने रक्त पातळ होत नाही. गुठळी उशिरा होते, एवढंच.

---

शंकेखोर

इन्व्हिक्टसवर इतका भार टाकायच्या आधी दोन गोष्टी. मृत्यूंतला फरक मुख्यतः अचानक मृत्यू आणि हार्ट फेल्युअरमुळे होता, गुठळ्यांमुळे नव्हे. अँटिकोअ‍ॅग्युलंटने हार्ट फेल्युअर कसं कमी होतं? रिव्हारोक्साबॅन कायमची सोडून देणारेही जास्त होते. शिवाय दर महिन्याला आयएनआरसाठी येणारा रुग्ण दर महिन्याला डॉक्टरच्या नजरेखालून जातो, लॅसिक्स वाढतं, पायाची सूज दिसते. कदाचित फायदा गोळीचा नसून भेटीचा असेल. २०१९ चा कोरियातला निरीक्षणात्मक अभ्यास नेमका उलट सांगतो, मायट्रल स्टेनोसिसमध्ये नोअ‍ॅक वॉरफेरिनपेक्षा वाईट नाही असं.

---

एट्रियल_अपेंडेज

पहिले मुद्दे बरोबर आहेत. पण स्ट्रोक वेगळे काढले तरी ते रिव्हारोक्साबॅनकडेच जास्त होते, ९० विरुद्ध ६५. त्यामुळे 'गुठळ्यांच्या बाबतीत दोन्ही सारखेच' असंही म्हणता येत नाही. कोरियाचा अभ्यास यादृच्छिक नाही. कुणाला नोअ‍ॅक मिळालं हे डॉक्टरने ठरवलेलं, आणि ज्यांची तब्येत बरी, स्टेनोसिस हलका, त्यांनाच ते मिळालं असण्याची शक्यता पुसता येत नाही.

फायदा भेटीचा असला तरी निर्णय बदलत नाही. भेट गोळीबरोबरच येते ना! तपासणी नको म्हणून नोअ‍ॅक द्यायचं, आणि या आजारात तपासणीची भेटच वाचवत असेल, तर आपण नेमकं तेच काढून घेतोय.

यातून एक कामाची गोष्ट निघते. स्टेनोसिसच्या रुग्णात कारणाशिवाय आयएनआर चढला तर पायाला सूज, गळ्याची शीर, यकृत बघा. उजवीकडे दाब वाढून यकृत तुंबलं की फॅक्टर कमी बनतात. तिथे अ‍ॅसिट्रॉम कमी करणं अर्धवट उत्तर, लॅसिक्स वाढवणं खरं. टीएसएचही (थायरॉइडची तपासणी) एकदा करा.

---

तालुक्याचा_फिजिशियन

रिपोर्ट तीन लॅबचे निघाले, त्यातले १.४ आणि १.६ कलेक्शन सेंटरमधून जिल्ह्याला गेलेले. बर्फाचं विचारतोय. तेल खरंच दिवाळीपासून बदललंय.

पण आज नवीन कळलं. बाईंना आठ दिवसांपूर्वी दुसरीकडून रिव्हारोक्साबॅन १५ सुरू झालंय, 'वजन कमी' म्हणून १५. अ‍ॅसिट्रॉम त्याच दिवसापासून बंद. परत कसं आणायचं? आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन, पाळी आणि एक दाढ काढायची आहे, यांचं काय?

---

गोळ्या_मोजणारा

१५ वजनासाठी नसतंच, ते किडनीसाठी असतं, क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ५० च्या खाली गेला तर. बाईंचा कॉकक्रॉफ्ट-गॉल्टने : १४० वजा ४१ म्हणजे ९९, गुणिले ४४, भागिले ७२ गुणिले ०.७, त्याला स्त्री म्हणून ०.८५. उत्तर ७३. म्हणजे त्यांचा डोस २० झाला असता, तोही जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी २० मिग्रॅपैकी दोन तृतीयांशच शोषलं जातं. उपवासाला चहावर घेतलेली गोळी म्हणजे अर्धवट डोस.

हेच गणित आजोबांना : ६६ गुणिले ५२ भागिले ९३.६, साधारण ३७. त्यांना रिव्हारोक्साबॅन द्यायचं ठरलं तर तिथे मात्र १५ बरोबर. डॅबिगॅट्रान ८० टक्के किडनीतून जातं, ३७ वर टाळलेलं बरं. त्याची कॅप्सूल उघडून पाण्यात टाकायची नाही, उघडली की शोषण खूप वाढतं. अपिक्साबॅन ५ हीच माझीही पसंती. दर चार महिन्यांनी क्रिएटिनिन (३७ भागिले १० म्हणजे साधारण तितके महिने, असा सोपा हिशोब आहे). एक डोस चुकला तर सहा तासांच्या आत आठवला तरच घ्यावा, नाहीतर पुढचाच. पुढचा दुप्पट करू नये.

---

एट्रियल_अपेंडेज

परत आणताना रिव्हारोक्साबॅन लगेच बंद करू नका, तसं केलं तर मधले तीन-चार दिवस बाई उघड्या पडतात. तोवर जेवणाबरोबर तीच चालू ठेवा, १५ ऐवजी २०. त्याच रात्रीपासून अ‍ॅसिट्रॉम २ मिग्रॅ, लोडिंग (सुरुवातीचा मोठा डोस) नको. सुरुवातीला आयएनआर वर दिसला तरी तो खोटा धीर असतो. फॅक्टर ७ काही तासांत उतरतो, पण फॅक्टर २ चं अर्धायुष्य अडीच-तीन दिवसांचं, आणि खरी गुठळी थांबते ती तो उतरल्यावर. रिव्हारोक्साबॅन स्वतः पीटी लांबवते, म्हणून आयएनआर पुढची गोळी घ्यायच्या अगदी आधी काढायचा, म्हणजे २४ तास झालेले असतील तेव्हा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहिला. दोनच्या वर गेला की रिव्हारोक्साबॅन बंद, आणि बंद केल्यावर एक ते तीन दिवसांत पुन्हा आयएनआर, तो खरा. पहिला महिना दर आठवड्याला. त्याच दिवसांत टीईईची तारीख घ्या.

पेनिसिलिन : वय ४१. शेवटचा ऱ्हुमॅटिक ताप दहा वर्षांपूर्वीचा असेल तर ते अजून लागतं का हेच आधी ठरवा. तीव्र व्हॉल्व्हमध्ये चालू ठेवायचं ठरलं तर तोंडातून पेनिसिलिन व्ही २५० मिग्रॅ दोनदा बरं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये तीव्र व्हॉल्व्ह आजारात इंजेक्शननंतर हृदय कोसळण्याच्या धोक्यामुळे हेच सुचवलंय, आणि इथे ढुंगणातल्या रक्तगाठीची भीतीही जाते. इंजेक्शन द्यायचंच तर दोन-तीन दिवसांतला आयएनआर ३ च्या आत हवा, नंतर दहा मिनिटं दाबून धरायचं, चोळायचं नाही.

पाळी : आधी प्रेग्नन्सी टेस्ट. सहा ते बारा आठवड्यांत अ‍ॅसिट्रॉम बाळाला बाधतं. इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तांबी (५२ मिग्रॅवाली) बसवली तर रक्तस्रावही आटोपतो आणि गर्भनिरोधकही होतं, दोन्ही इथे हवंय. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड महिनोन्महिने तोंडातून देऊ नका. लोह शिरेतून द्या, ९.२ वर गोळ्यांनी वाट पाहण्यात अर्थ नाही. अशक्तपणात ठोके वाढतात आणि स्टेनोसिसला तेच सोसत नाही.

दाढ : अ‍ॅसिट्रॉम बंद करायचं नाही, हेपॅरिन नको. ७२ तासांतला आयएनआर ३ च्या आसपास असेल तर सकाळच्या वेळी एकच दाढ, टाका, गॉज दाबून, आणि ५ टक्के ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या १० मिली चुळा दिवसातून चारदा, दोन दिवस. नंतर दुखण्याला पॅरासिटामॉल. दातवाल्यांनी मेट्रोनिडाझोल लिहू नये, हे चिठ्ठीवर आधीच लिहून पाठवा. गोळी बदलण्याच्या पंधरवड्यात दाढ काढूच नका, आयएनआर दोनदा सलग रेंजमध्ये आला की काढा.

---

निळी_नळी

त्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या नमुन्याच्या फॉर्मवर 'रिव्हारोक्साबॅन चालू, शेवटची गोळी किती वाजता' एवढं लिहा. नाहीतर लॅबवाला ४.२ पाहून तुम्हाला रात्री फोन करेल. आणि आईसबॉक्समध्ये नको.

---

तालुक्याचा_फिजिशियन

नोंद केली. मीटरची चौकशी सुरू केली आहे. दोघांच्याही फाइलच्या पहिल्या पानावर गोळीचं नाव, रोजची वेळ आणि शेवटचा आयएनआर किंवा क्रिएटिनिन लिहून ठेवतोय. उद्या तोंड वाकडं झालं, हात पडला, तर जिल्ह्याच्या कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न 'शेवटची गोळी कधी' हाच असणार आणि साडेचार तासांतला वेळ तो शोधण्यात जाऊ नये.

---

एट्रियल_अपेंडेज

बरोबर. अ‍ॅसिट्रॉमवर असताना आयएनआर १.७ किंवा कमी असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. नोअ‍ॅकची गोळी ४८ तासांच्या आतली असेल तर सहसा देत नाहीत. टीईई झाली की एरिया आणि विल्किन्स इथे टाका, फुग्याबद्दल तेव्हा बोलू.